बाटलीतून हरवलेली बेटं

१

"बेटं गेली," सुईवाले डॉक्टर म्हणाले आणि दारातच खिळल्यासारखे उभे राहिले.

वहिनी पलंगावर हिरव्या गाउनमध्ये बसली होती. हाताला सलाईन, मांडीला टेकून तीन वर्षांचं पिल्लू. शेजारच्या खुर्चीत नणंदबाई पिल्लूच्या पेल्यात चॉकलेटचं दूध ओतत होत्या. त्यांचा हात तसाच थांबला.

"गेली म्हणजे? बेटांना काय पाय फुटतात?"

"तेच कळत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "काल संध्याकाळी मोजली तेव्हा भरपूर होती. आज प्रयोगशाळेतून निरोप आला, बाटली भिंगाखाली धरली तर चुकार दोनचार. बाकी नुसतं पाणी."

बेटं म्हणजे स्वादुपिंडातले पेशींचे पुंजके, बारीक मिठाच्या कणाएवढे. शरीरातलं इन्सुलिन तयार होतं ते तिथंच. वहिनीची स्वतःची बेटं कॉलेजात असतानाच संपली होती, तेव्हापासून ती इंजेक्शनवर. इंजेक्शनचं तिला काही नव्हतं. बोलता बोलता टोचून घ्यायची. घोर होता तो वेगळाच. पूर्वी साखर उतरली की घाम फुटायचा, हात थरथरायचे, म्हणजे निदान दवंडी पिटून यायची ती. इतक्या वर्षांत ती दवंडीच बंद पडली होती. मागं एकदा भाजी चिरता चिरता वहिनी ओट्याखाली आडवी झाली. पिल्लूला वाटलं, आई झोपायचा खेळ खेळतेय. त्यानं तिच्या गालावर बिस्कीट ठेवलं आणि वाट बघत बसलं. नणंदबाई डबा परत करायला म्हणून सहज आल्या, म्हणून निभावलं.

त्या दिवसापासून घरात एक कायदा झाला. वहिनी आणि पिल्लू दोघंच घरात राहायचे नाहीत. सासूबाई, शेजारीण, नणंदबाई, कुणी ना कुणी सोबत. सगळे प्रेमानंच करत. पण स्वतःच्या लेकरासोबत एकटं राहायला परवानगी लागावी, हे वहिनीला आतून पोखरत होतं. दार लावून, दोघंच, एक दुपार. तिला एवढंच हवं होतं. त्यासाठीच आज हे डॉक्टर दुसऱ्या कुणाची तरी बेटं सुईनं तिच्या शरीरात सोडणार होते.

आणि ती दुपार ज्या बाटलीत होती ती रिकामी झाली होती.

"कुणीतरी माणूस गेलं," वहिनी हळूच म्हणाली, "त्याच्या घरच्यांनी रडता रडता हो म्हटलं. ते देणं असं हरवून चालणार नाही, डॉक्टर."

डॉक्टर काही बोलणार तेवढ्यात बाहेरून खणखणीत आवाज आला. "कुणीही जागचं हलायचं नाही."

२

आवाज होता दवाखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा. पोलिसातून निवृत्त होऊन ते इथं आले होते, आणि सगळे त्यांना फौजदारच म्हणत. मिशा अजूनही नोकरीतच होत्या.

"प्रयोगशाळेला सील ठोकलंय," त्यांनी जाहीर केलं. "एक संशयित हातात आहे. इन्क्युबेटर दुरुस्त करायला आलेला मिस्त्री. सकाळी आला, पेटी घेऊन गेला. पेटीत थर्मास होता."

"थर्मासमध्ये काय सापडलं?" नणंदबाईंनी विचारलं.

"चहा."

"मग?"

"वरवर चहा," फौजदार गंभीरपणे म्हणाले. "तपासायला पाठवलाय."

"तो आतल्या खोलीत गेलाच नव्हता," डॉक्टर वैतागून म्हणाले. "बाहेरच्या इन्क्युबेटरची घंटा वाजत नव्हती, तेवढी वाजती करून गेला. आत आम्ही तिघंच जातो. बेटवाल्या मॅडम, त्यांची मदतनीस वीज आणि मी. मीसुद्धा आज गेलो नाही."

फौजदारांनी वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा डॉक्टरांचंच नाव.

ते गेल्यावर डॉक्टर खुर्चीत मटकन बसले. वहिनीला त्यांची कीव आली. तिनं मुद्दाम विचारलं, "एवढ्याशा कणांसाठी एवढा खटाटोप. पूर्वी कसं करायचे हो?"

डॉक्टरांना बोलायला विषय मिळाला. "पूर्वी अख्खं स्वादुपिंड बसवायचे. अजूनही बसवतात, विशेषतः मूत्रपिंडासोबत. पण मोठी शस्त्रक्रिया, आणि स्वादुपिंड मोठं रागीट. त्याचे पाचक रस सांडले तर घरच पेटवतं. त्यात बेटांचा वाटा किती, तर शंभरातला एखादा. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, आपल्याला हवाय आचारी, तर सगळं घर कशाला उचलायचं? आचाऱ्यालाच न्या. यकृताकडे जाणाऱ्या शिरेत बेटं सोडली की ती यकृतात जाऊन बसतात आणि तिथंच चूल मांडतात."

"म्हणजे भाडेकरू," नणंदबाई म्हणाल्या.

"आणि पहिली कित्येक वर्षं टिकले नाहीत. शरीरानं त्यांना हाकलू नये म्हणून जी औषधं द्यायचे, तीच त्यांना मारायची. शिवाय स्वादुपिंडातून सोडवतानाच निम्मी अर्धमेली व्हायची. हळूहळू औषधं सौम्य झाली, हात सुधारले. आता कुठं धड चालायला लागलंय. गोळ्या मात्र जन्मभर." त्यांनी हात पसरले. "आणि एवढं करून बाटलीतून गायब."

"आई, चॉकलेट गेलं," पिल्लूनं पेला पुढे केला. "नुसतं दूध आहे."

"गेलं नाही रे सोन्या," नणंदबाई डॉक्टरांकडेच बघत म्हणाल्या. "थांब जरा, मोठी माणसं बोलतायत."

तेवढ्यात दारात कुणीतरी नाक ओढलं.

३

ती वीज होती. नाव वेगळं असेल. तिच्या हाताच्या चपळाईवरून सगळे वीज म्हणायचे. आत्ता मात्र डोळे सुजलेले, टोपी हातात चुरगाळलेली.

"ताई, मी काही केलं नाही," ती वहिनीला म्हणाली. "पण शेवटचा हात माझाच होता, म्हणून सगळे माझ्याकडंच बघतायत."

"ये, बस इथं," वहिनीनं पाय आखडून पलंगावर जागा केली. "मला काही त्यातलं कळत नाही. अगदी पहिल्यापासून सांग. तू काय काय करतेस?"

वीज बोलायला लागली. "रात्रभर बेटं पसरट बाटल्यांत, पातळ थरात ठेवतो. दाटीवाटी झाली तर खालची गुदमरतात. सकाळी सगळी एका बाटलीत ओतली आणि बाटली उतरत्या स्टँडवर तिरकी ठेवली. बेटं जड असतात, घसरत घसरत कोपऱ्यात गोळा होतात. झाली गोळा, की मी स्टँडला लाल पट्टी अडकवते. तिच्यावर लिहिलेलंच आहे, 'बसलंय, हलवू नका'. मग वरचं जुनं पाणी शोषून घ्यायचं आणि नवं घालायचं. पाणी आपलं आम्ही म्हणतो. खरं तर ते त्यांचं खाणंपिणं."

"आज पट्टी होती?"

"मीच लावली ना. नीट बसू दिलं, पट्टी लावली, हातमोजे बदलायला बाहेर गेले. आले तर पट्टी जागच्या जागी. मी पाणी काढलं, नवं घातलं, भिंगाखाली धरलं, आणि..."

"काढलेलं पाणी फेकलंस का गं?" नणंदबाईंनी विचारलं.

"छे हो. ते वेगळ्या बाटलीत, झाकण लावून. काम पुरं होईपर्यंत ते आम्ही फेकत नाही. पहिली शंका मलाही तीच आली. मॅडमनी लगेच त्यातला थेंब तपासला. एकदम स्वच्छ."

वहिनीनं सहज विचारावं तसं विचारलं, "दिसतात तरी कशी गं ही बेटं? मला कुणी दाखवलीच नाहीत."

विजेचा चेहरा थोडा उजळला. "काल संध्याकाळी बघितली ना, बिचारी खरबरीत होती. कडा ओरबाडल्यासारख्या. स्वादुपिंडातून सोडवताना ओढाताण होते. पण रात्रभर उबेत पडून राहिली की गोल होतात, गुळगुळीत. आज मी ती भिंगाखाली बघितलीच नाहीत. नवं पाणी पडेपर्यंत कुणी बाटली काढून बघायची नाही, असा नियम आहे. मॅडमचाच."

"मॅडम कडक आहेत?"

"जीव आहे त्यांचा बेटांवर," वीज म्हणाली. "काल घरीच गेल्या नाहीत. खुर्चीतच झोपल्या."

ती गेली तशी नणंदबाई पुढे झुकल्या. "पोरगी खोटं बोलत नाही, वहिनी."

"नाहीच."

"मिस्त्री आत गेला नाही. डॉक्टर गेले नाहीत. मग उरलं कोण?"

वहिनीनं उत्तर द्यायच्या आतच उरलेली व्यक्ती दार ढकलून आत आली.

४

बेटवाल्या मॅडम उंच होत्या, केस पांढरे, डोळ्यांखाली जागरण. त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

"तुम्हाला तोंड दाखवायला लाज वाटते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं हे काम करतेय, असं कधी झालं नाही. पट्टी लावल्यावर त्या बाटलीला कुणी हातसुद्धा लावलेला नाही. वीज किती सांभाळून करते ते मला ठाऊक आहे."

"तुम्ही बसा आधी," वहिनी म्हणाली. "चहा घेतलात का सकाळपासून?"

"नको."

"आमच्याकडचा चहा फौजदारांनी नेला नाहीये अजून," नणंदबाई म्हणाल्या. मॅडम किंचित हसल्या आणि बसल्या.

"काय बेटं होती, काय सांगू तुम्हाला," त्या स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या. "देणारं माणूस तरुण होतं. सोनेरी रंग, एकेक गोल गरगरीत, कडा कशा गुळगुळीत. अशी बेटं वर्षात एखाद्या वेळी मिळतात. मला वाटलं होतं, या आईला आम्ही घरी मोकळं सोडू."

वहिनीनं नणंदबाईंकडे पाहिलं. नणंदबाई पिल्लूचं नाक पुसत होत्या.

"जुन्या पाण्याचा थेंब तुम्हीच घेतलात ना?" वहिनीनं विचारलं.

"हो. ती बाटली उंच असते, पोलादी खोबणीत उभी ठेवलेली. झाकण उघडलं, नेहमी घेतो तसा वरचा थेंब घेतला. काही नव्हतं त्यात." मॅडमनी डोळे मिटले. "फौजदारांनी सील लावलंय. वरिष्ठांची सही येईपर्यंत आत जाता येणार नाही. आणि आत जाऊन तरी काय करायचं?"

मॅडम गेल्या. नणंदबाईंनी सुस्कारा सोडला. "भली बाई. हिनं काय चोरी करायची? वहिनी, मिस्त्रीला सोडवलं पाहिजे. अगं, तू ऐकतेयस का?"

वहिनी ऐकत नव्हती. मॅडम बोलत होत्या तेव्हाच तिच्या अंगावर काटा आला होता, आणि तो कशानं आला हे ती शोधत होती.

"बाईसाहेब," ती एकदम म्हणाली, "पिल्लू झोपल्यावर मी काय करते?"

"काय करतेस म्हणजे? वैताग आणतेस. दहादा उठून त्याच्या नाकाशी बोट धरतेस, श्वास चाललाय का बघायला. मग पांघरूण सारखं करतेस, मग ते जागं होतं, मग सगळं घर जागं होतं. आणि सकाळी विचारलं तर म्हणतेस, मी कुठं हात लावला, मी नुसतं बघितलं."

"सगळ्यांना बोलवा," वहिनी म्हणाली. "फौजदारांनासुद्धा. आणि लवकर."

५

खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. डॉक्टर खिडकीशी, मॅडम आणि वीज भिंतीशी, फौजदार दार अडवून, जणू चोर आत्ताच पळणार होता.

"चोर नाहीच," वहिनीनं पहिलंच वाक्य असं टाकलं की फौजदारांची वही मिटली. "मॅडम, रागावू नका. आज सकाळी तुम्ही बेटं बघितलीत ना?"

"मी? नाही. नियम आहे तसा."

"वीज म्हणाली, काल संध्याकाळी ती खरबरीत होती. गोल आणि गुळगुळीत होतात ती रात्र गेल्यावर. आणि तुम्ही मला सांगितलंत, कडा गुळगुळीत होत्या. आज नवं पाणी पडेपर्यंत बघायची नव्हती, आणि पाणी पडलं तेव्हा बघायला चुकार दोनचारांखेरीज काही उरलंच नव्हतं. मग गुळगुळीत कडा कुणी, कधी पाहिल्या?"

मॅडमचा हात हळूहळू तोंडाशी गेला.

"वीज हातमोजे बदलायला गेली तेव्हा," त्या कशाबशा म्हणाल्या. "क्षणभरच. रात्रभर जीव टांगणीला लागला होता, म्हटलं कशी आहेत ती एकदा डोळ्यांनी... पण मी हात लावला नाही हो. नुसतं बघितलं."

नणंदबाईंनी वहिनीकडे पाहिलं आणि घाईघाईनं नजर छताकडे वळवली.

"भिंगाखाली बाटली तिरकी बसते का गं?" वहिनीनं विजेला विचारलं.

"आडवी करावी लागते," वीज पुटपुटली. "म्हणजे कोपऱ्यातली सगळी परत पसरली. मॅडमनी बाटली स्टँडवर ठेवली असेल, पण बेटं पाण्यात तरंगत होती. आणि पट्टी तशीच होती. मी आले आणि..." तिनं ओढून घेतल्यासारखा हात केला.

"पट्टी खरं सांगत होती, पण मघाचं," वहिनी म्हणाली. "कुणी चुकारपणा केला नाही. दोघींनीही जीव लावूनच केलं."

"थांबा," डॉक्टर पुढे आले. "मग बेटं जुन्या पाण्यात असायला हवीत. मॅडमनी थेंब तपासलाय. स्वच्छ होता."

"पिल्लू," वहिनी म्हणाली, "चॉकलेट कुठंय रे?"

"गेलं," पिल्लूनं दुःखानं सांगितलं.

वहिनीनं पेला घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा हळूच कलता केला. वर पांढरं दूध होतं. तळाशी तपकिरी गाळाचा जाड थर घसरत कडेला आला.

"वरचा थेंब घेतला तर यातही चॉकलेट सापडणार नाही," ती म्हणाली. "तुमच्या लेखी एका बाटलीत बेटं आणि दुसरीत नुसतं पाणी. ज्या बाटलीत बेटं असतात तिचा तळ तुम्ही डोळ्यांत तेल घालून बघता. पाण्याच्या बाटलीचा तळ कोण बघणार? त्यात तिचा तळ खोबणीत लपलेला."

डॉक्टर पांढरे पडले. "म्हणजे ती तिथं ढीग होऊन पडलीत. उंच बाटलीच्या तळाशी, एकावर एक."

"खालची गुदमरतात," वीज म्हणाली आणि धावतच सुटली.

६

दारावर पिवळी चिकटपट्टी होती, आणि पट्टीपुढे फौजदार.

"वरिष्ठांच्या सहीशिवाय सील निघणार नाही," ते म्हणाले. "मी नियमाचा माणूस आहे."

"साहेब, आत जीव आहेत," मॅडम हात जोडून म्हणाल्या.

"असतील. पण माझं सील..."

"कसलं सील? हे?" नणंदबाई मधून घुसल्या. त्यांनी नखानं पट्टीचं टोक उचललं आणि बरणीचं झाकण सोलावं तसं सर्रकन ओढून काढलं. पट्टी गुंडाळून फौजदारांच्या हातात दिली. "निघालं की. उगाच घाबरवता."

फौजदारांनी पट्टीकडे पाहिलं, आत पळणाऱ्या विजेकडे पाहिलं, आणि मिशांना ताव देत म्हणाले, "चालू तपासात सील काढावं लागतं कधीकधी. जा, जा लवकर."

वहिनी सलाईनचा दांडा ढकलत काचेपर्यंत आली होती. कडेवर पिल्लू घ्यायची सोय नव्हती, म्हणून ते तिच्या गाउनला लोंबकळत होतं. काचेपलीकडे वीज टोपी, अंगरखा, हातमोजे चढवत होती, आणि वहिनीला वाटत होतं की एवढ्या चपळ मुलीला आज बटणं लावायला वर्ष लागतंय. मग विजेनं ती उंच बाटली खोबणीतून उचलली. झपाट्यानं नव्हे. भरलेला दिवा सांभाळावा तसं, संथ.

तिनं तळ उजेडाकडे धरला. बाटलीच्या बुडाशी सोनेरी वाळूचा एक छोटासा ढिगारा होता.

ती वाळू पसरट बाटल्यांत गेली. थोडा नमुना वेगळा काढून रंग घातला. त्या रंगानं बेटं तेवढी लाल होतात, बाकीच्या पेशी होत नाहीत, जिवंतपणाची परीक्षा निराळी, हे सगळं डॉक्टर वहिनीला समजावत राहिले आणि ती मान डोलवत राहिली. एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. मॅडम भिंगावर वाकल्या होत्या. मोजत होत्या. पुन्हा पहिल्यापासून मोजत होत्या. मग त्यांनी खुर्ची विजेला दिली आणि तिला मोजायला लावलं.

शेवटी मॅडम काचेशी आल्या. त्यांचे डोळे भरले होते, आणि वहिनीला त्यावरून काहीच कळेना.

"काही गुदमरली," त्या म्हणाल्या. "पण काही म्हणजे थोडीच. उरलेली पुरतील. जंतूंची तपासणी नीट आली की संध्याकाळी तुम्हाला आत घेतो."

संध्याकाळी वहिनीला ढकलखुर्चीतून नेत होते तेव्हा लिफ्टमधून तिचा नवरा धापा टाकत बाहेर आला. सकाळी सगळ्यांना दारात उतरवून तो गाडी लावायला गेला होता; मग औषधं आणायला बाहेर पडला, आणि परत येऊन पुन्हा जागा शोधत बसला.

"मिळाली एकदाची जागा," तो घाम पुसत म्हणाला. "इकडे सगळं ठीक ना? काही विशेष?"

"काही नाही, दादा," नणंदबाई म्हणाल्या. "तू अगदी वेळेवर आलास."

वहिनी जागीच होती. बरगड्यांखालची जागा बधिर केली, सुईवाल्या डॉक्टरांनी सुई सरकवली, आणि वर टांगलेल्या पिशवीतून बेटं थेंबाथेंबानं यकृताकडे निघाली. वीज शेजारी उभी राहून पिशवी दोन्ही हातांनी हळूहळू झुलवत होती.

"आता का हलवतेस?" वहिनीनं कुजबुजत विचारलं.

"आता बसून चालायचं नाही, ताई," वीज म्हणाली. "आता त्यांना घरी जायचंय."

७

इंजेक्शन एकदम सुटलं नाही. आधी कमी झालं, मग फारच कमी. पण साखर गपकन तळाला जायची ती थांबली. कितीतरी आठवडे सगळ्यांनी पहारा दिला, यंत्रावरचे आकडे पाहिले, आणि मग एका दुपारी नणंदबाईंनी चपला घातल्या, सासूबाईंचा हात धरला आणि वहिनीच्या नवऱ्याला पुढे घातलं.

"आम्ही चाललो," त्या म्हणाल्या. "कुठं ते विचारू नकोस, आम्हालाही माहीत नाही. दादा गाडी लावायला जागा शोधेल, त्यात दुपार जाईलच."

दार लागलं.

घर इतकं शांत वहिनीनं कधी ऐकलं नव्हतं. पिल्लू जेवलं, गोष्ट ऐकली, अर्ध्या गोष्टीत झोपलं. ती पाय न वाजवता बाहेर आली. भांडी आवरली. ओट्यापाशी, जिथं ती पडली होती तिथं, उगाच जरा उभी राहिली. मग पाय आपोआप झोपायच्या खोलीकडे वळले. श्वास चाललाय ना? पांघरूण सरकलं असेल का? नुसतं बघायचं. हात नाही लावायचा.

दाराच्या कडीला लाल पट्टी लटकत होती. दवाखान्यातून निघताना मॅडमनी ती तिच्या हातात ठेवली होती. "मी नवी करून घेतली," त्या म्हणाल्या होत्या. "आणि आता बघायला जायच्या आधी पट्टी काढून खिशात घालते. ही तुम्हाला राहू द्या. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त लागेल."

'बसलंय, हलवू नका.'

वहिनीचा हात कडीपर्यंत गेला होता. तो तिनं मागं घेतला, स्वयंपाकघरात जाऊन स्वतःपुरता चहा टाकला आणि उकळी यायची वाट बघत उभी राहिली.